ड्रम किती किलो तोलतो? शेततळ्यातल्या पंपाच्या तराफ्याचा हिशेब

२०० लिटरचा ड्रम, म्हणजे २०० किलो तोलणार. चार ड्रम, म्हणजे ८०० किलो. पंप जेमतेम ६० किलोचा, मग काळजी कसली? दिंडोरी-निफाडपासून चांदवड-सिन्नरपर्यंत शेततळ्यांवर जे तराफे तरंगतात, त्यातल्या बऱ्याच तराफ्यांमागे एवढंच गणित असतं. गणित चूक नाही. तरीही पाइप जोडायला माणूस कडेला गेला की तराफा कलतो, चप्पल घसरते आणि पाना पाण्यात जातो. कारण ८०० किलो हा बुडण्याचा आकडा आहे. आपल्याला हवा असतो तरंगण्याचा.

नियम सगळ्यांनी शाळेत घोकलेला आहे: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. उन्हाळ्यात ३० अंशांच्या पाण्याचं लिटर ९९६ ग्रॅम भरतं, गढूळ पाणी किंचित जड असतं; आपल्या कामाला दोन्ही फरक सोडून द्या. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, पण नाशिकला त्याचं काय!

आधी ड्रमचं माप. निळा एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) ड्रम घ्या. त्यावर २०० लिटर लिहिलेलं असलं तरी काठोकाठ भरला तर त्यात २२० लिटरच्या आसपास पाणी मावतं. बाहेरून टेप लावून घेर आणि उंची मोजलीत, तर सूत्राने आणखी मोठा आकडा येतो, २४५ वगैरे. तो खोटा. ड्रमचे खांदे गोल असतात, वरची-खालची कडी पुढे आलेली असते आणि टेप नेमकी त्यांच्यावरूनच जाते. त्यापेक्षा मापाच्या बादलीने एक ड्रम भरून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो.

इथे एक गंमत आहे. प्लॅस्टिकच्या ड्रमचं स्वतःचं वजन साधारण ९ किलो. पण एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं, घनता सुमारे ०.९५, म्हणजे ९ किलो प्लॅस्टिक स्वतः साडेनऊ लिटर जागा व्यापतं. आत मावणारं पाणी २२० लिटर आणि हे साडेनऊ, असा ड्रमचा बाहेरचा आकार २३० लिटरच्या जवळ जातो. त्यातून ९ किलो वजा करा, उरतात पुन्हा २२०. थोडक्यात, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये जेवढे लिटर मावतात तेवढेच किलो तो पूर्ण बुडेपर्यंत तोलतो; ड्रमचं वजन वेगळं वजा करायला नको. लोखंडी बॅरलला ही सूट नाही. १८ किलोचा पत्रा जेमतेम सव्वादोन लिटर जागा घेतो, म्हणजे १६ किलोचा तोटा. वर गंज चढणार तो वेगळाच. तराफ्यासाठी लोखंडी बॅरल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, असं माझं मत.

आता ड्रम आडवा टाका. उभा टाकला तर तो १ सेंमी बुडताना फक्त २.६ किलो उचलतो. आडवा मध्यावर आला की तोच ड्रम सेंमीला ५ किलो उचलतो. शिवाय उभ्या ड्रमवर सगळं ओझं उंचावर जातं आणि पाणी उतरलं की तो आधी तळाला टेकतो. म्हणून आडवाच.

आडव्या ड्रमची अडचण एवढीच की तो सेंमीगणिक सारखं उचलत नाही. ५८ सेंमी व्यासाच्या आणि २३० लिटर बाह्य आकाराच्या ड्रमसाठी हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. १० सेंमी बुडाला तर २६ लिटर पाणी सारतो. १५ ला ४७. २० ला ७०. २५ ला ९५. २९ सेंमीला, म्हणजे बरोबर अर्ध्यावर, ११५. ३५ ला १४५, ४० ला १६९, ४५ ला १९१, ५० ला २११. प्रत्येक आकड्यातून ड्रमचे ९ किलो वजा केले की उरतो तो त्याच्यावर ठेवता येणारा भार. शेवट नीट बघा: मधले ८ सेंमी ४० लिटर उचलतात, शेवटचे ८ जेमतेम १९. अर्ध्याच्या वर गेलेला ड्रम दर सेंमीला दुबळा होत जातो आणि नेमका तेव्हाच कडेला माणूस उभा असतो.

म्हणून कामाचा आकडा एकच: २०० लिटरचा ड्रम, १०० किलो. अर्धा बुडण्याच्या किंचित अलीकडचा. काही फॅब्रिकेटर १५० धरतात, दोन ड्रम वाचतात. पण पाण्याच्या मध्यावर जाऊन काम त्यांना करायचं नसतं.

उदाहरण म्हणून पाच एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटार आणि पंप एकत्र असलेला, पंप घेऊ. वजन पाटीवर शोधत बसू नका, काट्यावर टाका. आपण ६० किलो धरू. सांगाडा ४० × ४० × ५ मिमी अँगलचा. तो मीटरला ३ किलो भरतो, १८ मीटर लागला तर ५४ किलो. वर फळ्या. त्या कोरड्या तोलल्या तर फसाल, कारण पावसाळाभर भिजलेली फळी बरीच जड होते. भिजवून तोला, ३० किलो धरा. पाइप, एल्बो, नॉनरिटर्न व्हॉल्व्ह आणि आतलं पाणी मिळून २०. केबल, नटबोल्ट, दोर १०. एकूण १७४ किलो. चार ड्रमचे ३६ मिळवले की २१० किलो, म्हणजे ड्रममागे साडेबावन्न लिटर. वरच्या आकड्यांत बघा: सुमारे १६ सेंमी. रिकामा तराफा एवढा बुडालेला दिसला पाहिजे. ७५ किलोची दोन माणसं मध्यावर आली की ३६० किलो, ड्रममागे ९० लिटर, २४ सेंमी. अर्ध्याच्या आतच.

पाइपातल्या पाण्याबद्दल नेहमी वाद होतो. पाण्याच्या पातळीखाली असलेल्या पाइपात भरलेलं पाणी तराफ्याला अजिबात जड होत नाही. ते बाहेरच्या पाण्याइतकंच आहे, तरंगल्यासारखंच. भार फक्त पातळीच्या वरच्या पाण्याचा. ६३ मिमीच्या पाइपात मीटरला साधारण २.४ लिटर पाणी असतं, त्यातला काठावर टेकलेला भाग काठ तोलतो. त्यामुळे २० किलो पुरतात. तेच बुडालेल्या लोखंडाचं: हवेतलं ८ किलो लोखंड पाण्यात ७ किलो भरतं. आणि नांगर म्हणून टाकलेला आपला काळा पाषाण तर पाण्यात जवळजवळ एक तृतीयांश वजन गमावतो. २५ किलोचा दगड बुडाला की दोराला १६-१७ किलोच लागतो. म्हणून दगडाच्या नांगराने वाऱ्यात तराफा सरकतो आणि लोक म्हणतात, एवढा मोठा दगड टाकला तरी!

मध्यावरचं गणित सोपं. खरी परीक्षा कडेची. चार ड्रम, दोन रांगा, रांगांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १२० सेंमी. दोघेही एका रांगेवर उभे राहिले तर त्या रांगेच्या प्रत्येक ड्रमवर साडेबावन्न अधिक ७५, म्हणजे १२७.५ लिटर. तो साडेएकतीस सेंमी बुडतो. समोरची रांग १६ वरच. फरक साडेपंधरा सेंमी, कल सुमारे ७ अंश. कोरड्या फळीवर ७ अंश काहीच नाहीत. शेवाळ धरलेल्या फळीवर ओल्या चपलेने उभं राहून बघा.

कोपरा याहून वाईट. चारही ड्रम सारखे आणि सांगाडा ताठ असेल, तर एका कोपऱ्यातल्या ड्रमवर ठेवलेल्या वजनाचा पाऊण भाग तोच ड्रम घेतो, शेजारचे दोन ड्रम पाव-पाव घेतात आणि कर्णातला समोरचा ड्रम पाव भागाने हलका होऊन वर येतो. बेरीज करून बघा, एक येते. दोघे जण एकाच कोपऱ्यावर गेले की त्या ड्रमवर १६५ लिटरचा भार, ३९ सेंमी खोल. समोरचा ड्रम जवळजवळ पाण्यावर बसल्यासारखा. तराफा उलटणार नाही, पण दोघांपैकी एक जण पाण्यात जाण्याची शक्यता चांगली आहे. शेततळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या ओल्या कागदावरून वर चढता येत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. काठावरून आत सोडलेला गाठी मारलेला दोर कायम बांधलेला हवा. तराफ्यावर जाणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट, काठावर दुसरा माणूस आणि मोटार नुसती बंद नव्हे, काठावरच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात.

रांगांमधलं अंतर वाढवलं की कल कमी होतो. १२० चं १५० सेंमी केलं तर तोच फरक मोठ्या अंतरावर पडतो, कल ७ वरून ६ अंशांवर येतो. अँगल थोडा जास्त लागतो, त्याचं वजन पुन्हा हिशेबात धरायचं. पाचवा ड्रम मध्ये घालून काहीजण खूश होतात. त्याने तराफा वर येतो, पण कल फारसा कमी होत नाही. तोच ड्रम बाहेरच्या बाजूला लावला तर उपयोग.

आता बूच. आडव्या ड्रमची दोन बुचं एकाच तोंडावर, समोरासमोर कडेला असतात. एक बूच वर येईल असा ड्रम ठेवला तर दुसरं खाली कायम पाण्यात बुडतं. ड्रम फिरवून दोन्ही बुचं आडव्या रेषेत, घड्याळातल्या ३ आणि ९ वर आणा. मग दोन्ही २९ सेंमी उंचीवर येतात आणि १६ ते २४ सेंमीच्या रोजच्या पातळीपेक्षा वर राहतात. अर्ध्यापेक्षा जास्त बुडवू नका म्हणण्याचं हे दुसरं कारण.

बूच पाण्यात असलं तर काय बिघडतं? वायसर चांगला असतो की. बिघडतं ते वळवाच्या पावसात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ड्रमच्या आतली हवा ४५ अंशांवर गेली आणि संध्याकाळी सरीने २५ वर आली, तर आतला दाब सुमारे ६ टक्क्यांनी पडतो. ऐकायला किरकोळ, पण ही ओढ ६० सेंमी पाण्याच्या स्तंभाएवढी होते. जुना वायसर दाबाने गळत नसला तरी या ओढीने पाणी पितो. रोज चमचा-दोन चमचे, महिन्याभरात अर्धा-पाऊण लिटर. हीच गोष्ट उलटी वापरून ड्रम तपासता येतो: घट्ट बंद केलेला ड्रम तासभर उन्हात ठेवा आणि बुचांवर, शिवणीवर साबणाचं पाणी लावा. आतली हवा फुगलेली असते, गळती असेल तर बुडबुडा येतोच. पंप लावून हवा भरायची गरज नाही, भरूही नका. ड्रम दाबासाठी बनवलेला नसतो.

ड्रम जुनेच घेतले जातात. सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांमधून येणारे, तेलाचे, रंगाचे, रसायनांचे. आधी कशाचा होता ते विचारल्याशिवाय घेऊ नका. कीटकनाशकाचा ड्रम तळ्यात नको, त्याचं धुतलेलं पाणीही नको. तेच पाणी द्राक्षाच्या वेलीला जाणार आहे. आणि वापरलेल्या ड्रमजवळ वेल्डिंग किंवा कटिंग कधीही नाही. रिकामा दिसणारा ड्रम आधीच्या तेल-रसायनाच्या वाफेने भरलेला असतो आणि ठिणगीने फुटतो. सांगाड्याचं सगळं वेल्डिंग आधी, ड्रम शेवटी.

ड्रमात थर्माकोल भरल्याने तराफा जास्त तोलतो का? नाही, थर्माकोलच्या वजनाएवढा कमीच तोलतो. फायदा एवढाच की ड्रम चिरला तरी पाण्याला आत जागा मिळत नाही. त्यासाठी भरायचा तर भरा.

ड्रम सांगाड्याला खालून दाबूनच बसतात, पाणी त्यांना वर ढकलत असतं. पट्टे लागतात ते ड्रम बाजूला घरंगळू नयेत म्हणून आणि तराफा काठावर ओढताना. नायलॉनचा पट्टा भिजला की ताणतो, दोन दिवसांत ढिला. पॉलिस्टरचा घ्या, किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीखाली रबर. प्रत्येक ड्रमला दोन.

तराफा पाण्यात सोडला की लगेच पंप चढवू नका. आधी पाण्याच्या कॅन ठेवून बघा. २० लिटरची भरलेली कॅन म्हणजे २० किलो आणि वर डब्याचं वजन. पंपाच्या जागी तीन कॅन, कोपऱ्यावर चार, आणि प्रत्येक ड्रम किती बुडाला ते पट्टीने मोजा. गणित आणि पट्टी यांत दोन-तीन सेंमींपेक्षा जास्त फरक आला तर बहुधा सांगाड्याचं वजन चुकलेलं असतं. वेल्डरने ४० च्या जागी ५० × ५० × ६ चा अँगल वापरला की मीटरला दीड किलो वाढतो.

हाच तराफा वजनकाटा म्हणूनही चालतो. १६ ते २४ सेंमीच्या पट्ट्यात हा चार ड्रमचा तराफा सेंमीला १९ किलो घेतो. अनोळखी वजन मध्यावर ठेवा, चारही ड्रमवर किती सेंमी वाढले ते मोजा, सरासरी काढा, १९ ने गुणा. लाटेत २ मिलिमीटर चुकलात तरी ४ किलो चुकलात, म्हणून हे काम सकाळी, वारा सुटायच्या आत. ड्रमला उभी पारदर्शक नळी बांधली, खालचं तोंड अगदी बारीक ठेवलं, की आतली पातळी हलत नाही आणि मिलिमीटरही वाचता येतो.

गुणाकारावर विश्वास नसेल तर गुणाकार करूच नका. वस्तू ठेवा, पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा, वस्तू उतरवा आणि त्याच खुणेपर्यंत तराफा बुडेस्तोवर मोजलेलं पाणी चढवा. जेवढे लिटर तेवढे किलो, डब्यांचं वजन धरून. ड्रमचा आकार, व्यास, कशाचीच माहिती लागत नाही. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या तुळापूरची जी कथा सांगतात ती हीच: हत्तीला नावेत चढवलं, नाव बुडाली तिथे खूण केली, हत्ती उतरवून खुणेपर्यंत दगड भरले आणि दगड तोलले. युक्ती शहाजीराजांची म्हणतात. आर्किमिडीजचं नाव न घेता हिशेब चोख.

पाणी उतरताना दोन गोष्टी बिघडतात. एक दोर. भरल्या तळ्यात चारही कोपऱ्यांचे दोर ताणून बांधले आणि पाणी तीन मीटर खाली गेलं, तर तराफा दोरांना लटकतो आणि एक बाजू वर उचलली जाते. उलट, उन्हाळ्यात तळाच्या नांगराला आखूड बांधलेला दोर पावसाळ्यात पाणी चढताना तराफ्याला खाली ओढतो. तो भार कुणाच्याच यादीत नसतो. दर पंधरवड्याला दोर सोडा-ओढा, नाहीतर काठावर कडी ठेवून दोराच्या टोकाला वजन लटकवा.

दुसरा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाची झडप. तो पाण्याखाली निदान ४० सेंमी हवा, नाहीतर भोवरा धरून हवा ओढतो. ड्रम स्वतः १६ सेंमी खोल. म्हणजे तळ्याचा तळ आला की आधी टेकतो तो फूटव्हॉल्व्ह, आणि दोनशे किलोंचा तराफा त्या एका लोखंडी टोकावर, ५०० मायक्रॉनच्या कागदावर बसतो. द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर, मे अखेरीस, तळी तळाला गेलेली असताना कागद फाटतात ते असे. पातळी एक मीटरवर आली की सक्शन पाइप आडवा फिरवता यावा म्हणून तिथे लवचीक होज ठेवा. सांगाड्याचा कुठलाही बोल्ट ड्रमच्या खालच्या रेषेपेक्षा खाली येऊ देऊ नका.

तराफा तीन-चार महिने पाण्यात राहिला की ड्रमवर शेवाळाची हिरवी रेघ उमटते. वर कोरडा, उन्हाने फिका पडलेला निळा रंग, खाली बुळबुळीत हिरवा, आणि मधली रेघ पट्टीने मोजण्याइतकी ठळक. रेघ १६-१७ सेंमीवर असेल तर ठीक. आज पाणी एका ड्रमवर रेघेच्या ४ सेंमी वर दिसत असेल आणि कर्णातल्या समोरच्या ड्रमची रेघ सेंमीभर उघडी पडली असेल, तर पहिल्या ड्रममध्ये साधारण २५ लिटर पाणी शिरलंय. चारही ड्रम सारखेच खाली गेले असतील तर ड्रम निर्दोष आहेत. फळ्या भिजल्यात, नाहीतर कुणीतरी तराफ्यावर जुना व्हॉल्व्ह आणि पाइपचे तुकडे टाकून ठेवलेत.